सांगली-साताऱ्याची बाग, चूल आणि वाइन कॅमेऱ्यात उतरवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांचा रोख जवळपास एकच आहे. दोन-तीन दिवस काढून सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरायचं, द्राक्षबागांचे आणि गावाकडच्या जेवणाचे चांगले फोटो काढायचे, जमल्यास इथली वाइनही चाखायची. कॅमेरा कोणता घ्यावा हे बहुतेकांनी विचारलंय. कधी जावं हे फार थोड्यांनी विचारलंय, आणि खरी मेख तिथंच आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यातले आठ जण. सप्टेंबरमध्ये कासची फुलं आणि त्याच फेरीत सांगलीच्या द्राक्षबागा, अशी तीन दिवसांची सहल ठरवतोय. जमेल का?

फुलं मिळतील, द्राक्षं मिळणार नाहीत. कासचं पठार ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. सांगलीकडच्या वेलींवर त्या दिवसांत नुसती पानं आणि पिकलेल्या तपकिरी काड्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यातून काडी तयार होते. साधारण ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी, आणि तिथून पुढे घड तयार व्हायला चार महिने किंवा थोडे अधिक. म्हणजे काढणी जानेवारीअखेर ते एप्रिल. ही साखळी कुणासाठी बदलत नाही.

तुम्हाला दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या फेऱ्या करा. एकच फेरी शक्य असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा काळ धरा. त्या तीन आठवड्यांत या भागात जेवढं एकत्र सापडतं तेवढं वर्षात पुन्हा सापडत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची तोडणी चालू असते, कराड-शिराळ्याकडे गुऱ्हाळं पेटलेली असतात, सांगलीच्या शिवारात हळद शिजत असते, तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षं उतरत असतात आणि कवठेमहांकाळकडच्या शेडमध्ये बेदाणा वाळायला लागलेला असतो. हुरडा हवा असेल तर मात्र फेब्रुवारीच्या मध्याच्या आत या, पुढे दाणा कडक होतो.

तीन दिवस असे लावा. पहिल्या दिवशी उजाडायच्या आत पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पोचा. फळावर दव असतं तोवरच ते ताजं दिसतं. नऊनंतर ऊन वर येतं, वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर चकाकू लागतो आणि पानांवर पांढरे डाग दिसतात. उतरताना वाईला मेणवलीचा घाट. दुपारी साताऱ्यात कंदी पेढ्याच्या भट्टीवर परवानगी मिळाली तर बघा, मुक्काम कराडला. दुसऱ्या दिवशी पहाटे गुऱ्हाळ. थंडीत काहिलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची, वाफ दाट दिसते, दहा वाजता तीच वाफ कॅमेऱ्यात येईनाशी होते. भेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात तो क्षण आणि पाक वाफ्यात ओततात तो क्षण, दोन्ही काही सेकंदांचे असतात. म्हणून एका काहिलीला नुसतं बघा आणि दुसरीला फोटो काढा. तिथून पलूस (वाइन पार्क, आधी विचारूनच, पुढे सांगितलंय), संध्याकाळी आयर्विन पूल, मुक्काम सांगली. तिसरा दिवस पहाटे तासगावच्या बागेत, दुपारी बेदाणा शेडवर. शेड दुपारीच बघायची, कारण पुढे दिलंय.

एक दिवस मोकळा ठेवता आला तर ठेवाच. काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात, घड कुजतो आणि बागायतदाराचं वर्ष पणाला लागतं. अशा सकाळी कॅमेरे घेऊन बागेत उभं राहू नये. फोन करून विचारा, नको म्हणाले तर हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जा.

प्रश्न : बागेत काढलेल्या फोटोंत माणसांचे चेहरे हिरवट, आजारी दिसतात. घडसुद्धा सपाट वाटतात. लेन्स महागाची आहे. (मिरज)

लेन्सचा दोष नाही. खायच्या द्राक्षांची बाग मांडवावर किंवा वाय आकाराच्या ताटीवर असते. वर पानांचं छप्पर, खाली घड. पानांतून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो आणि कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला, तो पुरता ओळखता येत नाही. बागेत शिरल्यावर करड्या कार्डाचा, नाहीतर निदान पांढऱ्या कागदाचा एक फोटो घडाच्या जागी धरून काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा. ओळ बदलली, ऊन चढलं की पुन्हा लावा. रॉ फाइलमध्ये काम करत असाल तर नंतरही सुधारता येतं, पण चेहऱ्यावर एका बाजूने पानांतला हिरवा आणि दुसऱ्या बाजूने आकाशाचा निळा उजेड पडला असेल तर नुसता स्लायडर सरकवून भागत नाही. माणसाला ओळीच्या टोकाशी, उघड्या उजेडाकडे तोंड करून उभं करा. तिथे निम्मं काम होतं.

घड सपाट दिसतो कारण उजेड समोरून पडतोय. सूर्य घडाच्या मागे येईल अशी ओळ निवडा. फेब्रुवारीअखेर सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, आणि सव्वासात ते साडेआठ या वेळात तिरपं ऊन मांडवाखाली शिरतं. हिरवा मणी मागून उजळला की आतल्या शिरा दिसतात. शरद सीडलेससारख्या काळ्या मण्यातून उजेड पार होत नाही, त्याला कडेने उजेड द्या. पुढच्या बाजूला अंधार होतो तो मोडायला दोन फूट बाय दीड फूट थर्माकोलचा तुकडा पुरतो. फ्लॅश लावू नका. प्रत्येक मण्यावर एकसारखा पांढरा ठिपका येतो. सुरुवातीला अ‍ॅपर्चर एफ ४ ते ५.६, शटर १/२५०, आयएसओ ४०० ते ८००. काढणीवाल्यांची कात्री झपाझप चालते, १/१२५ ला हात पुसट येतो.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर पानांची चकाकी काढतो, पण घडावर तो पूर्ण फिरवू नका. चकाकी सगळी गेली की मणी मेणाचे दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मण्यावर जी पांढुरकी लव असते, ती बोट लागताच पुसली जाते आणि पुन्हा येत नाही. व्यापारी माल बघताना ती बघतो. फोटोसाठी घड हातात धरा, फिरवा, पाणी मारून चमकवा, हे प्रकार बागायतदाराला का खुपतात ते यावरून कळेल. पाण्याचे थेंब हवेच असतील तर एक पेटी विकत घ्या आणि बागेबाहेर आणून हवे तसे फोटो काढा. आत जायच्या आधी शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा. तोडलेला मणी न धुता तोंडात टाकू नका.

प्रश्न : बेदाणा शेडवर दोनदा गेलो. एकदा आत जाऊ दिलं नाही, दुसऱ्यांदा फोटो काळेकुट्ट आले.

आत जाऊ दिलं नाही तेव्हा बहुधा गंधकाची धुरी चालू असणार. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून ती देतात. त्या वायूने डोळे आणि घसा जळतो, दमेकऱ्याला धोका असतो. त्या वेळी बाहेर थांबा, कितीही ओळख असली तरी.

बेदाण्याची रीत माहीत असेल तर काय टिपायचं ते आपोआप कळतं. गोडी साधारण २२ ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजायचं माप) वर गेलेली द्राक्षं तोडून आणतात. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल या प्रमाणात द्रावण करतात, त्यात क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवून काढतात. त्यामुळे मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग हे घड जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरतात, वरून छप्पर, बाजूंनी वारा. सावलीत बारा ते पंधरा दिवसांत बेदाणा होतो, चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. पहिल्या दिवसाचा हिरवा रॅक, सहाव्या दिवसाचा सुरकुतलेला आणि शेवटचा सोनेरी, असे तिन्ही एकाच आवारात सापडतात, कारण माल रोज येत असतो. तिघांचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून काढा. गोष्ट त्या तीन फोटोंत आहे.

काळे आले कारण बाजूंनी भगभगीत ऊन आणि आत सावली. कॅमेरा उनाचं मोजमाप घेतो. मोजमाप स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या जागेपुरतं, ठेवून रॅकवर घ्या, नाहीतर एक्स्पोजर १ ते १.५ स्टॉप वाढवा, बाहेरचं आकाश पांढरं गेलं तरी चालेल. दुपारी जायला सांगितलं ते याचसाठी: ऊन डोक्यावर असताना छपराखालची सावली सारखी पडते आणि जमिनीवरून परतणारा उजेड रॅकच्या पोटात शिरतो. सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन अर्ध्याच थरांवर पडतं आणि फोटोचे दोन तुकडे होतात. कडेने हिरवी शेडनेट बांधली असेल तर पुन्हा करडं कार्ड काढा.

डिपिंगच्या हौदाजवळ जमीन निसरडी असते आणि द्रावण अल्कलीयुक्त असतं. लेन्सवर उडालं तर कोरडं होऊ देऊ नका, ओल्या फडक्याने लगेच पुसा. प्रतवारीच्या चाळणीवर बायका बसलेल्या असतात, त्यांना आधी विचारून, कामाच्या आड न येता फोटो काढा. बेदाण्याचे सौदे बघायचे तर तासगाव किंवा सांगलीची बाजार समिती. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि २०१८ मध्ये इथल्या हळदीला. दोन्हींचा बाजार एकाच गावात बघायला मिळतो.

प्रश्न : पलूसला वाइन पार्क आहे असं वाचलं. नाशिकसारखी टेस्टिंग रूम, बागेत फेरफटका वगैरे मिळेल ना?

तशी अपेक्षा धरून येऊ नका. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आलं आणि त्यानंतर एमआयडीसीने नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारलं. पलूसचं नाव कृष्णा व्हॅली वाइन पार्क. नाशिककडे पुढे पर्यटन उभं राहिलं, इथे तसं झालं नाही. हे औद्योगिक वसाहतीतले कारखाने आहेत. आधी फोन करून, लेखी विचारून, उत्तर आल्यावरच जा. अमुक ठिकाण चालू आहे हे जुन्या माहितीवर गृहीत धरू नका.

आणखी एक गैरसमज. सांगलीच्या बागांत दिसणारी बहुतेक द्राक्षं वाइनची नाहीत. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही खायची किंवा बेदाण्याची. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि वेल उभ्या तारांवर सरळ भिंतीसारखी चढवलेली असते. मांडवाखाली उभ्या माणसाचा फोटो काढून खाली ‘वाइनची बाग’ लिहिलंत तर सांगलीतलं शाळकरी पोरही चूक दाखवील.

उभ्या ओळींची बाग आणि रीतसर टेस्टिंग हवंच असेल तर अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रॅटेलीच्या बागा आहेत. जिल्हा सोलापूर, त्यामुळे एक पूर्ण दिवस वाढवावा लागेल. गाळपाच्या दिवसांत आत जायला मिळालं तर आंबवण्याच्या टाकीवर ओणवं होऊन फोटो काढू नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याला वास नसतो, आणि माणूस घेरी येऊन आत पडतो.

प्रश्न : आमची कवठेमहांकाळ तालुक्यात बाग आहे. फोटोग्राफीचे गट येतात, आम्ही जेवण देतो. सोबत वाइनची बाटली ठेवून एकच रक्कम घेतली तर चालेल का, ताई-दादांनो? पाहुणे मागतात.

नाही, ताई. जेवणाच्या पैशांत धरून वाइन दिली तरी ती विक्रीच, आणि परवान्याशिवाय ती गुन्हा आहे. तुमची बाग असली, द्राक्षं तुमची असली तरीही. दोन सरळ वाटा आहेत. टेस्टिंग परवानाधारक वायनरीत किंवा परमिट रूममध्ये ठेवायचं आणि तुमच्याकडे फक्त जेवण. किंवा एखाद्या ठरलेल्या कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या सांगलीतल्या कार्यालयातून तात्पुरता परवाना काढायचा. अर्ज बराच आधी करा आणि परवाना हातात पडल्याशिवाय पाहुण्यांना शब्द देऊ नका.

पाहुण्यांनाही सांगून ठेवा : महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, एक दिवसाचाही मिळतो. २६ जानेवारीला कोरडा दिवस असतो, निवडणुकीच्या आधीही, तेव्हा तारीख ठरवताना बघा. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. चालकाने एक घोटही घेऊ नये हेच बरं.

जेवणाच्या पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. गट दोन तास बागेत राहतो, एक माणूस त्यांच्यामागे अडकतो, काढणी थांबते. बागेत फिरण्याचे पैसे जेवणापासून वेगळे लावा आणि आधी घ्या. एका वेळी आठ-दहा जणांच्या वर आत सोडू नका. तिपाई ओळीच्या मधोमध लावू देऊ नका, क्रेटची ने-आण तिथूनच होते.

प्रश्न : इथलं जेवण तिखट. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन? आठ जणांना किती बाटल्या? (कराड)

आधी एक तत्त्व. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि कोवळ्या रेड वाइनमधला तुरटपणा तिखटाबरोबर कडवट लागतो. गोडवा आणि गारवा ती आग निववतात. म्हणून ‘मटण म्हणजे कॅबर्ने’ (एक तुरट रेड वाइन) हा ठोकताळा साताऱ्या-सांगलीच्या ताटावर चालत नाही. थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन इथली सगळ्यात भरवशाची बाटली.

खर्डा-भाकरीबरोबर तीच. खर्डा बेताचा घेणार असाल तर सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट घेऊन बघा, तिच्या पाल्यासारख्या वासाला हिरवी मिरची आणि लसूण जवळचे आहेत. हुरड्यालाही ती चांगली जाते, विशेषतः दही आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर. अख्खा मसूर घट्ट, कांदा-लसणाचा, वर लोणी. त्याला कोरडी (गोड नसलेली) रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरलं वांगं शेंगदाण्याच्या कुटामुळे स्निग्ध असतं, तिथेही रोझेच. सुकं मटण काळ्या मसाल्याचं, मध्यम तिखट असेल तर शिराझ ही रेड. तिच्यात स्वतःचाच मिऱ्यासारखा वास असतो. भडंग कमी तिखट असेल तर स्पार्कलिंग, जास्त तिखट असेल तर नको, बुडबुड्यांनी जीभ आणखी चुरचुरते.

तांबड्या रश्शाबरोबर काही नको. वाफाळता, पातळ, वाटीने प्यायचा पदार्थ, त्यावर वाइन घेतली तर दोन्हींची चव जाते. ताक ठेवा. प्रत्येक घासाला पेला जोडायचा अट्टहास केला की जेवणाचीच मजा जाते.

कंदी पेढ्याला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड, शेनिन. गोडाबरोबरची वाइन पदार्थाहून गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट पाणी वाटते. पेढ्याच्या भाजलेल्या खव्याचा खरपूसपणा आणि या वाइनचा मधासारखा गोडवा एकमेकांना चांगले धरतात.

प्रमाण : चाखायला ५० मिली. आठ जण, चार प्रकार, म्हणजे प्रत्येक प्रकाराची ४०० मिली. ७५० मिलीची एकेक बाटली पुरून उरते, आणि उरलेली फोटोंना लागते. माणशी २०० मिली होतात, तेवढं पुरे. क्रम असा : कोरडी व्हाइट, रोझे, रेड, शेवटी गोड. मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा. चाखणं जेवणाच्या आधी ठेवा आणि खर्ड्याचं ताट दूर, लसणाच्या वासापुढे वाइनचा वास टिकत नाही.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी म्हणतात ती खोली मार्चमधली सांगलीची नव्हे. इथे दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जातो, त्या उष्म्याने रेड नुसती दारूसारखी झोंबते. ती १६ ते १८ अंशांना हवी : बर्फ-पाण्यात १० ते १५ मिनिटं. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांना : बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत साधारण अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली रोवून उपयोग नाही, काचेला चहूबाजूंनी पाणी लागलं पाहिजे.

प्रश्न : रश्शाची तर्री फोटोत येत नाही. ढाब्यावर रात्री तर सगळं पिवळं आणि पट्ट्या-पट्ट्यांचं येतं.

तर्री म्हणजे तेलाचा पातळ थर, तो आरसाच आहे. वरून किंवा समोरून उजेड टाकला की एकतर दिसत नाही, नाहीतर पांढरा चट्टा येतो. ताट खिडकीजवळ किंवा दारात घ्या, उजेड मागून आणि थोडा बाजूने येऊ द्या, पुढून पांढरा पुठ्ठा धरा. कॅमेरा ताटाशी ३० ते ४५ अंशांत. वाफ हवी असेल तर मागे काळपट भिंत किंवा घोंगडी लागते; पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसतच नाही.

घाई करा. मटणाच्या रश्शावर चार-पाच मिनिटांत चरबी गोठून मळकट साय धरते. म्हणून आधी रिकाम्या ताटावर मांडणी, उजेड, फोकस सगळं जुळवा, मगच गरम रस्सा वाढायला सांगा. भाकरीचंही तसंच: दुसरी बाजू विस्तवाला लावल्यावर ती टम्म फुगते आणि लगेच बसते. सलग शॉट्स, १/१२५ किंवा वर, आयएसओ १६०० पर्यंत जायला घाबरू नका. थापणाऱ्या बाईला ‘पुन्हा एकदा करा’ म्हणत बसू नका, पाच-सहा भाकऱ्या होणारच असतात. अख्खा मसूर रंगाने मातकट, त्याला शेजारी कच्चा कांदा, लिंबू आणि वर लोण्याचा गोळा लागतो, पण ढाब्यावर जे खरंच देतात तेवढंच मांडा.

ढाब्यावरच्या पट्ट्या दिव्यांमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातात. पिवळेपणासाठी व्हाइट बॅलन्स हाताने लावा. एका बाजूला ट्यूब आणि दुसऱ्या बाजूला भट्टी असेल तर एकाच उजेडाकडे पाठ करा. दोन्ही सांभाळायला गेलात तर चेहरे निळे आणि रोट्या नारिंगी येतील.

प्रश्न : ग्लासातली रेड वाइन फोटोत काळी शाई दिसते, आणि व्हाइटच्या ग्लासावर धुकं.

रेडच्या मागून उजेड जायला हवा. ग्लासाच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही एवढा पांढरा कागद कापून तिरपा उभा करा, खिडकीचा उजेड त्यावर पडू द्या. ग्लास एक तृतीयांश भरा. जास्त भरला की थर जाड होतो आणि पुन्हा काळा. काचेची कड उठावदार हवी तर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या ठेवा.

धुकं गार ग्लासावर येणारच. नको असेल तर ग्लास साधा ठेवा, वाइनच तेवढी गार ओता आणि दोन मिनिटांत काम उरका. टपटपीत थेंब हवे असतील तर पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं मिसळून बाहेरून फवारा, ते तासभर टिकतात. तो ग्लास नंतर कुणी उचलून तोंडाला लावणार नाही एवढं बघा.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. यावं का?

जरूर. बाग, शेड, बाजार यांना आजचा बरा मोबाइल पुरतो. घडासाठी रुंद लेन्स टाळून दुप्पट झूमची लेन्स वापरा, बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. अडचण चुलीपुढे आणि रात्रीच्या ढाब्यावर येते. तिथे प्रो मोडमध्ये शटर १/१०० धरा.

प्रश्न : महाबळेश्वरहून खाली उतरलो की लेन्सच्या आत बाष्प धरतं. उपाय?

घाटावरची पहाट थंड आणि ओलसर, खाली वाईत दहा वाजता ऊन तापलेलं. गार लेन्सला गरम हवा लागली की बाष्प धरतंच. वर असतानाच कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग बॅगेत ठेवा, आणि खाली आल्यावर निदान अर्धा तास उघडू नका. बाष्प पिशवीवर धरतं, काचेवर नाही. लेन्स बदलायची असेल तर ती वर बदलू नका आणि पिशवीतून काढल्या काढल्याही नको. गाडीत एसी असेल तर दुपारी हाच प्रकार पुन्हा होतो : एसीत गार झालेला कॅमेरा बेदाणा शेडच्या उन्हात काढला की धुरकटतो. शेड यायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करायला चालकाला सांगा.